दोन्ही कान दिसू द्या

मी काउंटरवरचा कॅमेरा बोलतोय. तिपाईवर बसलेला तो थोरला काळा नव्हे, तो कामापुरतंच बोलतो. मी इकडचा, फोटो कापायच्या यंत्राशेजारचा, मुठीत मावणारा.

मला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, "आजोबांचा का हो?" मला राग येत नाही. मला बनवलंय तेच मुळी असं फसवायला. वर रुपेरी धातू, खाली काळं दाणेदार, चामड्यासारखं आवरण, डोक्यावर कटकट वाजत फिरणाऱ्या दोन चकत्या आणि कोपऱ्यात डोळा लावून बघायची काचेची चिमुकली खिडकी. आत मात्र रोल नाही की काही नाही. आत नखाएवढं कार्ड आहे आणि माझी सगळी हुशारी आहे. चेहऱ्यानं आजोबा, वयानं नातू. दिसतं तसं नसतं ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी, असं मला अधूनमधून वाटतं. थोडा आढ्यतेखोर आहे मी, मान्य करतो.

माझा जन्म एका लख्ख पांढऱ्या कारखान्यात झाला. तिथं सगळ्यांच्या डोक्याला टोप्या आणि हातात मोजे. माझं काळं आवरण एका बाईनं चिमट्यानं बसवलं. एक कोपरा उचलला जात होता, तो तिनं अंगठ्यानं दाबून धरला आणि मनातल्या मनात काहीतरी मोजत बसली. मग मला तपासायला म्हणून तिनं एक फोटो काढला. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ. जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं बाकी होती. तो फोटो तिनं लगेच पुसला, पण पहिला म्हणून माझ्या लक्षात राहिला आहे.

माझा पहिला मालक हौशी होता. खरा हौशी, म्हणजे फोटो काढण्यापेक्षा कॅमेरा बाळगण्याची हौस जास्त. त्यानं माझ्यासाठी वेगळा पट्टा घेतला, वेगळी पिशवी घेतली, माझ्या बटणावर लावायला एक छोटी लाल टिकलीसुद्धा घेतली. मग मला गळ्यात घालून तो आरशासमोर उभा राहिला आणि आरशातले आम्ही दोघं कसे दिसतो याचे चाळीस फोटो काढले. पुढं कॉफीचे कप झाले, सायकलची चाकं झाली, खिडकीतून पडलेलं ऊन झालं. माणसांकडे त्यानं मला फारसं वळवलं नाही. "माणसं हलतात," असं तो मित्रांना सांगायचा. नव्याचे नऊ दिवस संपले आणि माझ्यापेक्षा नव्या कॅमेऱ्याच्या बातम्या तो माझ्यासमोरच वाचायला लागला.

एकदा त्याला ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. गळ्यात मी, आणि स्वतःचा साधा फोटो काढायला हा दुकान शोधत निघालेला. काखेत कळसा म्हणतात तो असा. पण तो दिवस माझ्या भाग्याचा होता, कारण आम्ही या दुकानात शिरलो.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढं काउंटर, मागं पांढरा पडदा, पडद्यासमोर फिरतं स्टूल, दोन बाजूंना दोन छत्रीवाले दिवे. आतल्या दारातून जिना वर घरात जातो. फोटो एकाच जातीचे निघतात, ओळखपत्राचे. तीस वर्षं इथले मालक एकच वाक्य बोलत आलेत: "सरळ बघा, हसायचं नाही, दोन्ही कान दिसू द्या." गल्लीत त्यांना खऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. सगळे कानवाले म्हणतात.

कानवाल्यांनी फोटो काढायचा, पण त्याआधी गिऱ्हाईक त्यांच्या बायकोच्या हातून जायचं. मी त्यांना बाई म्हणतो. बाई कॉलर सरळ करत, कपाळावरचे केस मागं सारत, कंगवा पुढं करत आणि एका बोटानं हनुवटी केसभर खाली आणत. एखादा हसलाच तर म्हणत, "तोंड मिटा. आनंद घरी जाऊन करा." हौशीलाही त्यांनी तसंच बसवलं. फोटो निघाला, मालकांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिला आणि म्हणाले, "बाद." डोळा अर्धा मिटला होता. दुसरा काढला. "पास."

या दुकानात फोटोच्या दोनच जाती. पास आणि बाद. चांगला, वाईट, गोड, असलं काही नाही. एखाद्या मोठ्या साहेबाचाही कान झाकला असेल, तर तोंडावर बाद म्हणायला कानवाले कचरत नाहीत. हा सडेतोडपणा मला पहिल्याच दिवशी आवडला.

हौशी कॉलर नीट करत होता, तेव्हा मालकांनी मला हातात घेतलं. बघू का, असं विचारूनच. चकती एक घर फिरवली आणि तिचा आवाज ऐकत राहिले. खिडकीला डोळा लावला. त्यांचे हात फार सुंदर आहेत, कापडासारखे मऊ आणि तरी ठाम. "अगं, हे बघ," ते बाईंना म्हणाले. बाईंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "छान आहे. आपल्याला काय करायचंय?" पण तीन महिन्यांनी हौशीला नवा कॅमेरा खुणावू लागला, आणि मला कुठं द्यायचं हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

इथं आल्यावर माझं कौतुक झालं, पण काम मिळालं नाही. मालक रोज सकाळी मऊ फडक्यानं मला पुसत, खिडकीतून एकदा दुकान बघत आणि कपाटात ठेवत. "काढा की एखादा," बाई म्हणत. "कशाचा काढू?" मालक खरोखरच विचारत. तीस वर्षं माणूस समोर आणून बसवलेला. आपण उठून कशाकडे तरी बघायचं असतं, हे त्यांच्या अंगातच नव्हतं.

मग बाईंच्या ओळखपत्राची मुदत संपली.

बाई स्टुलावर बसल्या. कंगवा त्यांनी स्वतःच फिरवला, हनुवटी स्वतःच खाली आणली. थोरल्यानं फोटो काढला, पहिल्याच झटक्यात पास. मालक कॉम्प्युटरवर तो कापायला बसले आणि त्यांनी मापासाठी दहा वर्षांपूर्वीचा जुना फोटो शेजारी उघडला. नेहमीचं काम होतं. पण त्यांचा हात थांबला.

"तुझा डावा कान वर का आलाय?"

"कॅमेरा वाकडा असेल तुमचा."

"कॅमेरा वाकडा नाही. कानाची पाळी वर ढकलल्यासारखी आहे. इकडे ये."

त्यांनी कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात बोट लावलं. तिथं एक गाठ होती, दुखत नव्हती म्हणून बाईंच्या कधी लक्षात आली नव्हती. आरशात आपण आपल्याला रोज बघतो म्हणूनच बदल दिसत नाही. ज्यानं तीस वर्षं लोकांचे कान मोजले त्याला मात्र तो केसभर फरक दिसला. लोक कानवाले म्हणून हसतात, पण मी तेव्हापासून त्यांना मनातल्या मनात नमस्कार करतो.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं ते मालकांनी दुकानात येऊन बाईंच्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं, म्हणून मलाही कळलं. गाठ काढावी लागणार. बावीस दिवसांनी ऑपरेशन. चेहरा हलवणारी नस बरोबर त्या गाठीतून जाते. ती वाचवायचा पुरा प्रयत्न करतील, पण चेहऱ्याची डावी बाजू काही महिने लुळी पडू शकते. कदाचित कायमची.

"म्हणजे हसणं?" पलीकडून बहिणीनं विचारलं असावं.

"हसणं अर्धं," मालक म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

त्या दुपारी दुकानाला अर्धं शटर लावून त्यांनी सगळी कपाटं उपसली. त्यांना बाईंचा हसरा फोटो हवा होता. एक तरी. लग्नातल्या फोटोंत बाई खाली बघत होत्या. बाकी सगळे दर काही वर्षांनी काढलेले, सरळ नजरेचे, मिटल्या तोंडाचे, दोन्ही कानांचे. सगळे पास. हजारो परक्या माणसांचे चेहरे काढले आणि घरच्या बाईचं हसू कुठं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मालक जमिनीवर बसून राहिले. मग उठले, कपाट उघडलं आणि मला गळ्यात घातलं.

मी अगदी योग्य होतो या कामाला, हे नम्रपणे सांगतो. थोरल्यासमोर बाई आपोआप ताठ होतात. फोनमध्ये त्यांना त्यांचं नाक मोठं दिसतं. माझी गोष्ट वेगळी. मी लहान आहे, जुनाट दिसतो, मला कुणी घाबरत नाही, आणि माझा पडदा उघडमिटतो तेव्हा नखावर नख आपटल्याएवढाही आवाज होत नाही.

तरी जमेना. मालक मला डोळ्याला लावत आणि बाई स्वयंपाकघरात असोत की जिन्यावर, त्यांची मान सरळ होई, ओठ मिटत, केस कानामागं जात. मुद्दाम नव्हे. हातून होऊन जाई.

"अगं, हस ना."

"हसतेच आहे."

"कुठं?"

"आतून."

असे बारा दिवस गेले. माझ्या कार्डात बाईंचे साठ फोटो जमले, आणि साठही ओळखपत्राला चालले असते.

तेराव्या दिवशी एक संधी आली आणि हातची गेली. गच्चीवर कपडे वाळत घालताना वाऱ्यानं मालकांचा पायजमा उडून शेजारच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला, अगदी पाय सोडून बसल्यासारखा. बाई हसायला लागल्या. मालकांनी मला उचललं, खिडकीला डोळा लावला, बोट बटणावर ठेवलं, आणि तोंडातून शब्द गेले, "हसायचं नाही. सरळ बघा."

बाईंचं तोंड पटकन मिटलं. हनुवटी केसभर खाली आली.

मी घेतला तो फोटो. काय करणार? जित्याची खोड म्हणतात ती ही. मालकांनी मला खाली घेतलं आणि बराच वेळ टाकीवरच्या पायजम्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई जवळ आल्या, त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "राहू द्या हो. नाही फोटो तर नाही. तुम्ही पाहिलंत ना?"

"मी पाहतच नाही ना," मालक म्हणाले. "मी कान बघतो."

ऑपरेशनला दोन दिवस उरले असताना दुकानात एक आई आली, कुशीत तीन महिन्यांचं बाळ. बाळाला प्रवासासाठी फोटो हवा होता. आता तीन महिन्यांच्या जिवाला स्टुलावर बसवणार कसं? आणि नियम सगळ्यांना सारखेच: मागं पांढरं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. त्यावर या दुकानाची जुनी युक्ती आहे. बाई स्टुलावर बसतात, अंगावर डोक्यापासून पांढरी चादर घेतात, आणि चादरीतूनच बाळाला मांडीवर धरतात. फोटोत बाई दिसत नाहीत. फोटोत पांढरी भिंत दिसते. तीस वर्षांत बाई शेकडो बाळांची भिंत झाल्या आहेत.

त्या दिवशीही भिंत झाल्या. आईनं खुळखुळा वाजवला, बाळानं बघितलं, थोरल्यानं फोटो घेतला. "पास," मालक म्हणाले. आणि तेवढ्यात बाळानं भिंतीवर आपला कार्यक्रम उरकला. सढळ हातानं, बराच वेळ.

"अगं बाई," भिंत म्हणाली.

आईनं लाजून बाळ उचललं. चादर हलायला लागली. आधी खांदे हलले, मग सगळीच हलली, आणि बाईंनी ती डोक्यावरून अर्धी मागं सारली. केस विस्कटलेले, मांडी ओली, आणि बाई हसत होत्या. तोंड भरून, दात दाखवत, श्वास न पुरून. मालकांच्या गळ्यात मी होतोच. त्यांनी मला उचललं. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, पुन्हा तसलेच शब्द गेले, "तोंड मिटा."

मला वाटलं, संपलं.

पण बाईंनी मालकांकडे पाहिलं. ओली मांडी, डोक्यावर चादर, समोर हा माणूस, बायकोचं हसू टिपायला तीन आठवडे जिवाचं रान करणारा, आणि हाच सांगतोय तोंड मिटा. मघापर्यंत होतं ते हसू साधं होतं. आता त्या स्टूल धरून हसायला लागल्या. मी पडदा उघडला आणि मिटला. जन्माला आल्यापासून इतक्या मनापासून मी काही केलं नव्हतं.

माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर फोटो बघून मालकांनी सवयीनं निकाल दिला. "डोळे मिटलेत. दात दिसतात. एकच कान. चेहरा हललाय. बाद."

"बाद तर बाद," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पुसू नका म्हणजे झालं."

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. नस तुटली नव्हती, पण दुखावली होती. बाई घरी आल्या तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू झोपलेली होती. डावा डोळा पुरता मिटत नव्हता, त्यात दिवसातून सहादा थेंब घालावे लागत. चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळे. बाई दुकानात येईनात, जिन्यावरून हाकेला उत्तर देत.

मालकांनी, बिचाऱ्यांनी, एक चूक केली. प्रेमाखातर केली. तो बाद फोटो मोठा करून चौकटीत घालून त्यांनी काउंटरमागं भिंतीवर लावला. आठ दिवसांनी बाई पहिल्यांदा खाली आल्या. फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी चौकट उलटी करून पुन्हा खिळ्याला अडकवली, तोंड भिंतीकडे.

"ही बाई आता इथं राहत नाही," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

मला फार अपराधी वाटलं. मालक तर दोन दिवस जेवले नाहीत धड. पण चौकट त्यांनी काढली नाही आणि सरळही केली नाही.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते. आरशासमोर बसून रोज भुवया उचलायच्या, गाल फुगवायचे, हसायचं. बाई आरशाकडे फिरकत नव्हत्या. एका सकाळी मालक जिन्याखालून म्हणाले, "आरशात बघू नकोस. माझ्याकडे बघ. मी सांगतो किती हलतं ते. रोज एक फोटो, दुकान उघडायच्या आधी."

"गोड बोलाल."

"तीस वर्षांत कुणाशी बोललोय?"

हे बाईंना पटलं. त्या खाली आल्या, स्टुलावर बसल्या. मालकांनी मला डोळ्याला लावलं, आणि जे वाक्य त्या खोलीत कधी उच्चारलं गेलं नव्हतं ते मोठ्या कष्टानं उच्चारलं, "हसा."

"पास का बाद?" बाईंनी विचारलं.

"बाद."

दुसऱ्या दिवशी बाद. तिसऱ्या दिवशी बाद. बाई रोज विचारत, मालक रोज खरं सांगत. मग कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून, जसे कान मोजायचे तसे ओठाचे कोपरे मोजत. विसाव्या दिवशी म्हणाले, "डावा कोपरा केसभर उचललाय. पण बाद." बाई त्या दिवशी वर जाताना जिन्यावर गाल फुगवत गेल्या, मला ऐकू आलं. चाळिसाव्या दिवशी डोळा जवळजवळ मिटायला लागला. साठाव्या दिवशी काहीच वाढलं नाही, सत्तराव्यालाही नाही. डॉक्टर म्हणाले, आता पुढचं फार हळू येईल, कदाचित एवढंच. मालकांनी हेही लपवलं नाही. बाई सकाळी खाली यायच्या मात्र थांबल्या नाहीत.

त्र्याण्णवाव्या दिवशी मालक म्हणाले, "हसा," आणि बोट बटणावर ठेवून थांबले. "म्हणजे हस," त्यांनी सुधारलं. "इतके दिवस तुला गिऱ्हाईकासारखं बोलत होतो की काय मी?"

"आता कळलं?" बाई म्हणाल्या, आणि हसल्या. उजवी बाजू पूर्ण, डावी अर्धी. एक डोळा मिटला, एक थोडा उघडा राहिला. केस कानावर आले होते, ते त्यांनी मागं सारले नाहीत. मी माझं काम केलं.

मालक पडद्याकडे बघत राहिले. रोज निकाल सांगायला त्यांना एक क्षण पुरायचा.

"बाद ना?" बाईंनी विचारलं.

"पास."

"उगाच. वाकडं आहे, मला कळतं."

"वाकडं आहे. एकच कान आहे. दात दिसतात," मालक म्हणाले. "ते नियम तिपाईवरच्याला. ह्याला नाहीत. पास."

बाई स्टुलावरून उठल्या. काउंटरमागं गेल्या आणि भिंतीवरची ती चौकट त्यांनी सरळ केली. फडकं घेऊन काच पुसली. मग म्हणाल्या, "आजचा छापा. तिच्या शेजारी लावू."

आता तिथं दोन्ही फोटो आहेत. मी रोज समोरून बघतो. माझा काळा कोपरा, कारखान्यातल्या त्या बाईनं दाबून धरलेला, मालकांच्या अंगठ्यानं घासून गुळगुळीत झालाय, आणि रुपेरी रंग एका कडेला उडालाय. आता मी खरंच थोडा जुना दिसतो. ओळखपत्राचा फोटो झाला की बाई गिऱ्हाइकाला हळूच म्हणतात, "आता एक हसून, ह्या लहानग्याला द्या," आणि माझ्याकडे बोट दाखवतात. कार्ड दोनदा भरलं.

मागं हौशी आला होता. नवा कॅमेरा गळ्यात होता, पण मला बघून त्याचा जीव खालीवर झाला. परत देता का, म्हणून विचारत होता. मग त्याची नजर भिंतीवर गेली. चादरीतल्या हसऱ्या बाईंकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"काय पकडलंय," तो म्हणाला. "सेटिंग काय होतं?"

"मांडीवर बाळ होतं," बाई म्हणाल्या. "बसा स्टुलावर. दोन्ही कान दिसू द्या."

मला त्यांनी परत दिलं नाही, हे सांगायला नको.

तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी कपाटात, पिशवीत, मऊ फडक्यात गुंडाळून पडला असेल. त्याला बाहेर काढा. घरातलं माणूस हसत असताना त्याला डोळ्याला लावा, आणि फोटो बाद आला तर पुसू नका. आता मी थांबतो. दिवे लागलेत, कुणीतरी स्टुलावर बसलंय, आणि बाई त्याची कॉलर नीट करतायत.